वेटोळे सुटलेले शंख

दिल्लीच्या पहाडगंज भागाशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. नूतन मराठी विद्यालय आणि बृहन्महाराष्ट्र भवन या संस्था याच वस्तीत आहेत. वस्तीच्या नावातला पहाडही फार दूर नाही. पश्चिमेकडे काही अंतर गेले की दिल्लीचे लोक ज्याला ‘रिज’ म्हणतात तो अरवली पर्वताचा उत्तरेकडील खडकाळ कणा लागतो. हा खडक क्वार्ट्झाइट जातीचा, म्हणजे मूळच्या वाळूचे दाब आणि उष्णता यांमुळे घट्ट सांधून गेलेले रूप आहे. त्याचे वय शंभर कोटी वर्षांहून अधिक आहे. ती वाळू साचली तेव्हा पृथ्वीवर कवच धारण करणारा एकही प्राणी जन्मास आला नव्हता, म्हणून या खडकात कितीही शोधले तरी शंख-शिंपला सापडावयाचा नाही. मराठी माणसाच्या स्वतःच्या मुलखातील सह्याद्रीची गोष्टही, निराळ्या कारणाने, तशीच आहे. तो लाव्हारसाचा बनलेला आहे, आणि तापलेल्या लाव्हात समुद्रातील प्राण्यांचे अवशेष टिकत नाहीत.

असे असूनही समुद्रातील एका नामशेष प्राण्याची आणि मराठी घराची ओळख पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. देवघरातील शालिग्राम म्हणजे पुष्कळदा नेपाळमधील काली गंडकीच्या पात्रात सापडणारा काळा गोटा असतो. तो फुटला किंवा झिजला की आत चक्राची खूण दिसते. ती खूण अमोनाइट नावाच्या प्राण्याच्या शंखाची आहे. हिमालय अस्तित्वात येण्यापूर्वी त्या जागी असलेल्या समुद्राच्या तळाशी, सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी, हे शंख चिखलात पुरले गेले. पुढे त्या चिखलाचा खडक झाला, खडकाचा पर्वत झाला आणि नदीने त्यातील गोटे सुटे करून खाली आणले. तुळशीच्या लग्नात ज्या दगडाला वराचा मान मिळतो, त्याचा इतिहास असा आहे.

शालिग्रामातील चक्र नीटस असते. वेढ्याला वेढा चिकटलेला असतो आणि सगळे वेढे एकाच पातळीत असतात. बहुतेक अमोनाइट असेच होते. परंतु त्यांच्यातील काही कुळांनी हे वेटोळे सोडून दिले. कोणाचा शंख काठीसारखा सरळ झाला, कोणाचा गळासारखा वाकला, कोणाचा जिन्यासारखा वर चढत गेला, तर कोणाचा सोडलेल्या दोरीच्या गुंत्यासारखा दिसू लागला. या चमत्कारिक शंखांवरून शास्त्रज्ञांमध्ये शंभर वर्षांहून अधिक काळ वाद चालला. तो वाद केवळ शंखांच्या आकारापुरता नव्हता. जीवांचे वंश माणसासारखे म्हातारे होतात काय, असा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न होता.

कप्प्यांचे घर

प्राचीन इजिप्तमधील अमोन देवाच्या मस्तकावर मेंढ्याची शिंगे दाखवीत. वेटोळ्या अश्मीभूत शंखांचे त्या शिंगांशी साम्य दिसल्यामुळे रोमन ग्रंथकार प्लिनी याने त्यांना ‘अमोनची शिंगे’ म्हटले, आणि त्यावरून अमोनाइट हे नाव रूढ झाले. हा प्राणी शीर्षपाद वर्गातील होय. माखूळ आणि अष्टपाद हे याच वर्गातील आजचे प्राणी असून अमोनाइटांचे जवळचे नाते त्यांच्याशीच आहे. कवचधारी नॉटिलस दिसावयास अमोनाइटासारखा असला तरी नात्याने अधिक दूरचा ठरतो.

अमोनाइटाचा शंख म्हणजे एक लांब निमुळती नळी. ती आडव्या पडद्यांनी कप्प्याकप्प्यांत विभागलेली असे. प्राणी स्वतः तोंडाजवळच्या शेवटच्या, मोठ्या कप्प्यात राही. वाढ होत गेली की तो पुढे सरके आणि पाठीमागे नवा पडदा घाली. मागच्या सर्व कप्प्यांतून एक बारीक जिवंत नलिका गेलेली असे. नव्या कप्प्यात आरंभी असलेले पाणी ही नलिका हळूहळू शोषून घेई व त्याच्या जागी वायू येई. त्यामुळे जड कवच असूनही प्राणी पाण्यात तरंगू शकत असे. नॉटिलसमध्ये ही क्रिया आजही पाहावयास मिळते.

पडदा जेथे शंखाच्या भिंतीला मिळतो तेथे एक रेषा उमटते. तिला सीवनरेषा म्हणतात. नॉटिलसमध्ये ती साधी, वळणदार असते. अमोनाइटांमध्ये मात्र तिला नेच्याच्या पानासारख्या नाजूक दंतुर घड्या पडलेल्या असतात. जातीची ओळख पटविण्याचा हा मोठा आधार आहे. सरळ काठीसारखा एखादा तुकडा हाती आला आणि त्याच्या अंगावर अशी पानाफुलांची नक्षी दिसली, तर तो अमोनाइटच, असे निःशंकपणे सांगता येते.

आकारांची जत्रा

वेटोळे सोडण्याचा प्रकार अमोनाइटांच्या इतिहासात एकदाच घडला असे नाही. ट्रायासिक कालखंडाच्या अखेरीस, मग जुरासिक कालखंडाच्या मध्यास, आणि शेवटी जुरासिकच्या अंतापासून संपूर्ण क्रिटेशस कालखंडभर, असा तो तीन वेळा घडला. यांपैकी शेवटची वेळ सर्वांत महत्त्वाची होय. त्या वेळी निर्माण झालेली कुळे सुमारे आठ कोटी वर्षे समुद्रात नांदली.

लामार्क याने १७९९ मध्ये सरळ शंखाच्या अमोनाइटाला ‘बॅक्युलाइट्स’ हे नाव दिले. लॅटिनमध्ये त्या शब्दाचे मूळ काठी असे आहे. यातील काही जातींचा शंख दोन मीटरपर्यंत वाढे. मनोऱ्याप्रमाणे चढत्या वेढ्यांच्या शंखाला त्यानेच १८०१ मध्ये ‘टरिलाइट्स’ म्हटले. हा शंख एकटा पाहिला तर एखाद्या गोगलगाईचाच वाटावा. पण फोडून पाहिले की आतील पडदे दिसतात आणि भ्रम दूर होतो. इंग्लंडमधील पार्किन्सन याने १८११ मध्ये गळासारख्या ‘हॅमाइट्स’ची आणि होडीसारख्या ‘स्कॅफाइट्स’ची नावे रूढ केली. स्कॅफाइट्स लहानपणी नेहमीसारखे वेटोळे घाली, मोठेपणी थोडा सरळ जाई आणि अखेरीस तोंड पुन्हा आत वळवी. डिप्लोमोसेरस नावाचा शंख कागद अडकविण्याच्या टाचणीसारखा पुनःपुन्हा दुमडलेला असून काही ठिकाणी त्याची लांबी पुरुषभर भरते.

या सर्वांवर ताण करणारा शंख जपानमध्ये सापडला. १९०४ साली याबे या भूवैज्ञानिकाने होक्काइडो बेटावरील एका नमुन्याचे वर्णन करून त्याला ‘निपोनाइट्स’ हे नाव दिले. त्याची नळी इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वळणे घेत स्वतःभोवतीच गुंडाळली गेली होती. एकच नमुना, आणि तोही असा. तेव्हा हा कोणी रोगट, विकृत प्राणी असावा असे काहींना वाटले. पुढे तसेच नमुने एकामागून एक मिळाले, आणि प्रत्येकात वळणांचा क्रम तोच निघाला. विकृती अशी शिस्तीने पुन्हा पुन्हा घडत नसते. जपानच्या पुराजीवविज्ञान परिषदेने आज हाच शंख आपले बोधचिन्ह म्हणून स्वीकारला आहे.

तंजावरच्या उत्तरेस

भारतात हे शंख पाहावयाचे तर तमिळनाडूत जावे लागते. तंजावर हे भोसल्यांच्या राज्यामुळे मराठी वाचकाला परिचित आहे. तेथून उत्तरेस कोल्लिडम नदी ओलांडली की अरियलूरचा मुलूख लागतो, आणि त्याच्या पलीकडे पेरांबलूर. आज हा कोरडा, उन्हाने तापणारा प्रदेश आहे. परंतु क्रिटेशस कालखंडात भारतीय भूमी अंटार्क्टिका व ऑस्ट्रेलिया यांच्यापासून सुटी होऊन तिला नवा पूर्व किनारा मिळाला, तेव्हा सुमारे अकरा कोटी वर्षांपूर्वी येथे समुद्र आत शिरला. तो कधी पुढे आला, कधी मागे हटला. त्याच्या तळाशी चिकणमाती, वाळू आणि चुना यांचे थरावर थर साचले व त्यांत असंख्य प्राणी पुरले गेले.

या खजिन्याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष एकोणिसाव्या शतकात गेले. के आणि कन्लिफ या दोघांनी पाँडिचेरी, विरुद्धाचलम व त्रिचनापल्ली या परिसरांतून जीवाश्म गोळा करून लंडनला पाठविले. एडवर्ड फोर्ब्झ या निसर्गवैज्ञानिकाने १८४६ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. पाँडिचेरीजवळच्या एका सरळ, बाजूंनी चपट्या शंखाला त्याने तलवारीच्या म्यानाची उपमा देऊन लॅटिनमध्ये तसेच नाव दिले. हीच जात, आता युबॅक्युलाइट्स या प्रजातीत गणली जाणारी, मादागास्कर, दक्षिण आफ्रिका आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया येथेही सापडते. एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर असलेले खडक एकाच काळातले आहेत हे या एका शंखावरून ठरविता येते. घड्याळाचे काम करणारा जीवाश्म म्हणतात तो असा.

यानंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या हेन्री ब्लॅन्फर्ड याने या प्रदेशाचा नकाशा करून खडकांचे उत्तातूर, त्रिचनापल्ली आणि अरियलूर असे तीन गट पाडले. त्याचा वृत्तांत १८६२ मध्ये प्रसिद्ध झाला. ही विभागणी मूलतः आजही टिकून आहे. गोळा झालेल्या जीवाश्मांचे वर्णन करण्याचे काम फर्डिनांड स्टोलिच्का या मोराव्हियातून आलेल्या तरुणाकडे आले. कलकत्त्यास बसून त्याने दक्षिण भारतातील क्रिटेशस प्राण्यांवर लिहिलेले मोठे ग्रंथ १८७३ पर्यंत पुरे झाले. त्यातील शिळाछापाची चित्रे अभ्यासक आजही उघडून पाहतात. ग्रंथ पुरा झाल्यावर एका वर्षातच, १८७४ च्या जूनमध्ये, यारकंदच्या मोहिमेवरून परतत असता लडाखच्या उंच पठारावर त्याला मृत्यू आला. तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता. त्याचे स्मारक लेह येथे आहे.

उत्तातूर गटातील करै गावाजवळची भूमी पाहण्यासारखी आहे. तेथील माती पावसाने चिरत जाऊन लहानलहान घळींचे एक उजाड जाळे तयार झाले आहे. जागोजागी जिप्समच्या चकाकणाऱ्या पट्ट्या दिसतात आणि प्रत्येक पावसाळ्यानंतर नवे जीवाश्म उघडे पडतात. टरिलाइट्सचे मनोरे येथे मिळाले आहेत, आणि त्यांतील काही जाती युरोपातील त्याच काळच्या खडकांतील जातींशी जुळतात. दहा कोटी वर्षांपूर्वी या दोन समुद्रांमध्ये येजा होती, याचा हा पुरावा होय.

वंशाचे म्हातारपण

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नीटस वेटोळे सोडून हे प्राणी असे वेडेवाकडे का झाले?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील आल्फियस हायट याने याचे एक उत्तर दिले. त्याच्या मते वंशालाही व्यक्तीप्रमाणे बालपण, तारुण्य आणि वार्धक्य असते. अमोनाइटांचा वंश क्रिटेशस कालखंडात म्हातारा झाला, त्याची जीवनशक्ती ओसरली, आणि म्हाताऱ्याचा देह वाकावा तसे त्यांचे शंख विद्रूप झाले. नाश तर ठरलेलाच होता. विसाव्या शतकात जर्मनीतील शिंडेवोल्फ याने ही कल्पना थोड्या निराळ्या रूपात मांडली. विकासाच्या शेवटच्या टप्प्यात वंशाचा मूळ साचाच विस्कटतो, असे त्याचे म्हणणे होते. ही कल्पना ऐकावयास पटण्यासारखी आहे. उदय, भरभराट आणि ऱ्हास ही कथा आपण राजघराण्यांविषयी इतक्या वेळा ऐकलेली असते, की ती निसर्गावर लादण्याचा मोह सहज होतो.

परंतु पुरावा या कल्पनेच्या विरुद्ध गेला. १९६९ मध्ये योस्ट वीडमान या अभ्यासकाने सीवनरेषा आणि वाढीचे टप्पे यांच्या आधारे वेटोळे सोडलेल्या अमोनाइटांचा वंशवृक्ष तपासला. त्यात असे दिसून आले की यांपैकी काही कुळांनी पुढे पुन्हा वेटोळे घातले आणि त्यांच्यापासून नेहमीच्या आकाराच्या नव्या अमोनाइटांच्या शाखा फुटल्या. म्हातारा पुन्हा तरुण होत नाही. जो बदल उलटविता येतो त्याला वार्धक्य म्हणता येणार नाही.

दुसरा पुरावा संख्येचा होता. वंश मरणपंथाला लागला असेल तर त्याचे अवशेष तुरळक मिळावयास हवेत. प्रत्यक्षात उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी त्या वेळी पसरलेल्या समुद्राच्या खडकांत बॅक्युलाइट्सचे ढीगच्या ढीग सापडतात, आणि त्यांच्या बदलत्या जातींवरून तेथील थरांची कालगणना केली जाते. तेथील ब्लॅकफूट लोक या शंखांचे तुकडे पवित्र मानून जवळ बाळगीत, आणि त्यांच्या कृपेने रानरेडे मिळतात अशी त्यांची श्रद्धा होती. एका टोकाला आपला शालिग्राम आणि दुसऱ्या टोकाला हा दगड. दोन्ही मूळ अमोनाइटच.

तिसरा पुरावा जन्मक्षणाचा आहे. बॅक्युलाइट्सचे अंड्यातून बाहेर पडलेले पिलू जेमतेम मिलिमीटरभर आकाराचे असे, आणि त्याचा शंख मात्र वेटोळा असे. एखाददुसरा वेढा झाल्यावरच नळी सरळ वाढू लागे. म्हणजे वेटोळे घालण्याची कला त्याला येत नव्हती असे नाही. वाढीच्या एका ठराविक टप्प्यावर तो दुसरी वाट धरीत असे.

वळणांचा नियम आणि जगण्याची रीत

निपोनाइट्सच्या गुंत्याचे कोडे १९८८ मध्ये ओकामोतो या जपानी अभ्यासकाने संगणकाच्या साहाय्याने सोडविले. नळीची वाढ सरळ पातळीत, डावीकडे पिळून किंवा उजवीकडे पिळून अशा तीनच प्रकारे होते असे त्याने धरले. वाढ होत असता शंखाचा तोल बदलतो, त्यामुळे प्राण्याचे तोंड प्रमाणापेक्षा वर वा खाली झुकू लागते. तसे झाले की वाढीचा प्रकार बदलतो. नावाडी होडी एकीकडे कलू लागताच सुकाणू दुसरीकडे वळवितो, तसाच हा प्रकार. एवढा साधा नियम दिल्यावर संगणकाने निपोनाइट्सचा आकार रेखून दाखविला. वरवर बेबंद वाटणाऱ्या गुंत्यामागे, तोंड सोयीच्या दिशेला राखण्याची धडपड होती.

हे प्राणी काय खात असावेत, याचेही थोडे ज्ञान आता झाले आहे. २०११ मध्ये फ्रान्समधील ग्रनोब्ल येथे अत्यंत प्रखर क्ष-किरणांच्या साहाय्याने बॅक्युलाइट्सच्या काही नमुन्यांच्या मुखाची आतून तपासणी करण्यात आली. त्यांत जबडे आणि दातांच्या बारीक ओळी दिसल्याच, शिवाय एकाच्या मुखात लहानशा कवचधारी प्राण्यांचे व एका चिमुकल्या गोगलगाईचे तुकडे अडकलेले आढळले. अमोनाइटाचे शेवटचे जेवणच जणू हाती लागले. यावरून बॅक्युलाइट्स पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव टिपून खात असे, असा निष्कर्ष निघतो. अशा भक्ष्यामागे वेगाने धावावे लागत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतील यूटा विद्यापीठात त्रिमितीय छपाईने तयार केलेले सरळ शंख पाण्यात सोडून पाहिले, तेव्हा ते उभे राहिले, डोके खाली आणि टोक वर. आडवे पोहण्यास असा देह गैरसोयीचा; परंतु वर उसळी घेऊन शत्रूला चुकविण्यास तो चांगला. वेटोळे सोडणे ही दुर्बलता नसून पाण्यात वरखाली ये-जा करीत जगण्याची ती एक निराळी रीत होती, असे म्हणावयास आता हरकत नाही.

अखेर

अमोनाइट नष्ट झाले हे मात्र खरे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आज मेक्सिकोत असलेल्या युकातान द्वीपकल्पावर एक प्रचंड अशनी आदळला. धुळीने सूर्यप्रकाश अडला, समुद्राच्या वरच्या थरातील सूक्ष्म जीवसृष्टी कोसळली. अमोनाइटांची मिलिमीटरभर आकाराची पिले याच थरात वाढत. नॉटिलसची पिले मोठ्या अंड्यांतून, खोल पाण्यात जन्मतात. त्याचा वंश वाचला तो बहुधा यामुळेच. जवळजवळ त्याच काळात आपल्या दख्खनमध्ये भेगांतून लाव्हारस उसळत होता. सह्याद्रीच्या कड्यांत आडव्या पट्ट्यांसारखे दिसतात ते त्याचेच थर. हवामान बिघडविण्यात या उद्रेकांचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत अजून मतभेद आहेत. आपल्या पर्वतात अमोनाइट नाहीत, पण अमोनाइटांच्या अंतकाळाची नोंद मात्र आहे.

याच अंतकाळाने वार्धक्याच्या कल्पनेचा शेवटचा आधारही काढून घेतला. डेन्मार्क आणि नेदरलँड्स येथील खडकांत, आघाताच्या थराच्या किंचित वर, काही थोडे अमोनाइट मिळाले आहेत. तडाख्यानंतरही ते काही काळ जिवंत होते, असे काही अभ्यासकांचे मत आहे. आणि हे अखेरचे तग धरणारे कोण? होडीसारखे स्कॅफाइट्स आणि काठीसारखे बॅक्युलाइट्स यांचे वंशज. ज्यांना ऱ्हासाचे लक्षण म्हणून हिणविले गेले, तेच सर्वांच्या मागे उरले.

अरियलूरच्या भूमीत चुनखडक विपुल असल्यामुळे तेथे सिमेंटसाठी मोठ्या खाणी चालतात. खाणीमुळे नवे थर उघडे पडतात, तसेच ते कायमचे नाहीसेही होतात. करैच्या उजाड घळींना भूवैज्ञानिक वारशाचे स्थळ म्हणून मान्यता मिळालेली आहे, हे चांगले झाले. पण मान्यतेइतकीच महत्त्वाची आहे ती येणाऱ्यांची समज. शंख उचलून खिशात घातला की तो केवळ एक सुंदर दगड उरतो. तो कोणत्या थरात, कोणत्या शंखांच्या सोबतीने पडला होता, ही माहिती त्याच्यापासून तुटली की त्याचे घड्याळ बंद पडते. फोर्ब्झला त्या म्यानासारख्या शंखाचे मोल कळले, ते तो कोठून आला हे कोणीतरी लिहून ठेवले होते म्हणून. वाचकाच्या हाती कधी असा शंख आला, तर त्याने आधी जागा टिपून घ्यावी आणि मग त्याच्या अंगावरील नक्षी न्याहाळावी.